त्रिकोणाचा मध्यगासंपात : २:१ मधला २ कुणाला लावायचा?

कोरी_वही

दहावी, गणित भाग २, निर्देशक भूमिती. उदाहरण असं आहे : अ(−५, ९), ब(७, −४), क(१, १) हे त्रिकोणाचे शिरोबिंदू आहेत. मध्यगासंपात ग चे निर्देशक काढा. (शिरोबिंदूला समोरच्या बाजूच्या मध्यबिंदूशी जोडणारी ती मध्यगा, आणि तिन्ही मध्यगा जिथे भेटतात तो मध्यगासंपात.)

सूत्राने सरळ येतं :
क्ष = (−५ + ७ + १)/३ = ३/३ = १
य = (९ − ४ + १)/३ = ६/३ = २
म्हणून ग(१, २).

पडताळा घ्यायला तेच मध्यगेवरून काढलं, तर जुळत नाही. बक चा मध्यबिंदू ड = ((७ + १)/२, (−४ + १)/२) = (४, −१.५). ग हा अड ला २:१ मध्ये विभागतो, म्हणून
क्ष = (२ × (−५) + १ × ४)/३ = −६/३ = −२
य = (२ × ९ + १ × (−१.५))/३ = १६.५/३ = ५.५

(−२, ५.५) आलेखावर मांडला तर तो अड या मध्यगेवरच येतो आणि त्रिकोणाच्या आतही आहे. मग चुकलं कुठे? दुसरं म्हणजे, मुलं सरासरीचं सूत्र पाठ करतात, पण ते २:१ मधून कसं येतं हे त्यांना नीट सांगता येईल अशी मांडणी हवी आहे.

खडूची_पूड

गुणकांची अदलाबदल झाली आहे. विभाजन सूत्र पूर्ण लिहून बघा. प(क्ष१, य१) आणि फ(क्ष२, य२) यांना जोडणारा रेषाखंड एखादा बिंदू म:न प्रमाणात विभागत असेल, आणि म हा भाग प च्या बाजूचा असेल, तर

क्ष = (म × क्ष२ + न × क्ष१)/(म + न)

पहिला आकडा दुसऱ्या बिंदूला लागतो आणि दुसरा आकडा पहिल्याला. तुमच्या उदाहरणात अग : गड = २:१. पहिला बिंदू अ, दुसरा ड. म्हणून २ जातो ड कडे आणि १ जातो अ कडे :

क्ष = (२ × ४ + १ × (−५))/३ = ३/३ = १
य = (२ × (−१.५) + १ × ९)/३ = ६/३ = २

जुळलं. तुमचा (−२, ५.५) हाही अड ला विभागतो, पण १:२ मध्ये. तो शिरोबिंदूपासून एक तृतीयांश अंतरावर आहे. मध्यगासंपात बाजूपासून एक तृतीयांश अंतरावर असतो. आलेख काढलाच आहे, तर एवढं नजरेनेही कळतं : ग नेहमी शिरोबिंदूपेक्षा समोरच्या बाजूच्या मध्यबिंदूला जवळ.

ओळंबा

वरचं बरोबर आहे, पण ‘पहिला आकडा दुसऱ्याला’ हे पाठ करून वर्षभरात विसरलं जातं. कारण समजलं की विसरायला जागा राहत नाही.

३० सेंमीची हलकी पट्टी घ्या. एका टोकाला एक नाणं, दुसऱ्या टोकाला तसलीच दोन नाणी. पट्टीचं स्वतःचं वजन सोडून दिलं तर बोट कुठे धरल्यावर ती तोलली जाईल? एका नाण्यापासून २० सेंमीवर, दोन नाण्यांपासून १० सेंमीवर. वजन जास्त तिकडे अंतर कमी. विभाजन सूत्रातले गुणक म्हणजे ही वजनंच आहेत, म्हणून ते अंतरांच्या उलटे लागतात.

आता त्रिकोणाकडे या. तिन्ही शिरोबिंदूंवर एकेक नाणं ठेवलंय असं समजा. ब आणि क वरची दोन नाणी मिळून तोलतात त्यांच्या मध्यबिंदूवर, म्हणजे ड वर. तिथे वजन झालं २. अ वर उरलं १. अड या पट्टीवर तोलबिंदू शोधा : ड कडे वजन दुप्पट, म्हणून अंतर निम्मं. अग : गड = २:१ हे आपोआप आलं. २ चा मान ड चा आहे, कारण ड मध्ये दोन शिरोबिंदू सामावले आहेत. एवढी एक गोष्ट मुलांच्या मनात बसली की सूत्र, प्रमाण आणि ३ ने भागणं या तिन्ही गोष्टी एकदम बसतात.

खडूची_पूड

हेच बीजगणितात, वहीत लिहिण्यासारखं :

ड चा क्ष-निर्देशक = (क्ष२ + क्ष३)/२
ग चा क्ष-निर्देशक = (२ × (क्ष२ + क्ष३)/२ + १ × क्ष१)/(२ + १)

इथे थांबून मुलांना दाखवा : वरचा २ आणि मध्यबिंदूच्या छेदातला २ एकमेकांना खातात. उरतं

(क्ष१ + क्ष२ + क्ष३)/३

य साठी तीच पायरी. या उत्तरात तिन्ही शिरोबिंदूंना सारखाच मान आहे. सुरुवात ब पासून केली असती, म्हणजे अक चा मध्यबिंदू घेऊन, तरी हेच उत्तर आलं असतं. क पासूनही हेच. म्हणजे तिन्ही मध्यगा एकाच बिंदूतून जातात हे वेगळं सिद्ध करायची गरजच उरत नाही. आठवीत मध्यगा काढून जे मोजून पाहिलं होतं, त्याची सिद्धता दहावीत दोन ओळींत मिळते. बहुतेक वर्गांत ही गोष्ट सांगायची राहून जाते याचं वाईट वाटतं.

शून्य_बेरीज

पडताळ्याबद्दल. ‘ग चा क्ष-निर्देशक सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या क्ष च्या मध्ये हवा’ अशी खूण बरेच जण सांगतात. ती अपुरी आहे. धाग्यातलं चुकलेलं उत्तर (−२, ५.५) या खुणेतून सहज सुटतं : −२ हा −५ आणि ७ च्या मध्ये आहे, ५.५ हा −४ आणि ९ च्या मध्ये आहे.

पक्का पडताळा हा : प्रत्येक शिरोबिंदूच्या निर्देशकातून ग चा निर्देशक वजा करा. तिन्ही फरकांची बेरीज शून्यच आली पाहिजे.

ग(१, २) साठी क्ष चे फरक : −६, ६, ०. बेरीज ०. य चे फरक : ७, −६, −१. बेरीज ०.
(−२, ५.५) साठी क्ष चे फरक : −३, ९, ३. बेरीज ९. इथेच उत्तर बाद.

तोंडी होतं आणि चिन्हाची चूकही यात सापडते.

हाताशी वेळ असेल तर क्षेत्रफळानेही तपासता येतं. ग शिरोबिंदूंना जोडला की त्रिकोणाचे सारख्या क्षेत्रफळाचे तीन भाग होतात. या त्रिकोणाचं क्षेत्रफळ ९ चौरस एकक आहे. त्रिकोण गबक : ग पासून ब कडे (६, −६), ग पासून क कडे (०, −१). क्षेत्रफळ = ½ × |६ × (−१) − (−६) × ०| = ३. बरोबर तिसरा हिस्सा.

कोरी_वही

धन्यवाद, आता स्पष्ट झालं. नाण्यांची मांडणी तर उद्याच वापरणार.

पुढचा प्रश्न : ग आणि दोन शिरोबिंदू दिले आणि तिसरा मागितला की मुलं अडखळतात. समीकरण मांडतात आणि चिन्हात चुकतात. काही सोपी वाट?

खडूची_पूड

समीकरण बाजूला ठेवा आणि ‘एकूण बेरीज’ म्हणा. सरासरीला ३ ने गुणलं की बेरीज मिळते. त्यातून दिलेले दोन काढून घेतले की तिसरा उरतो.

उदा. ग(−१, ४), अ(२, ९), ब(−८, −१). क काढा.
क्ष ची एकूण बेरीज = ३ × (−१) = −३. दिलेल्या दोघांची बेरीज = २ + (−८) = −६. उरले −३ − (−६) = ३.
य ची एकूण बेरीज = १२. दोघांची बेरीज = ९ + (−१) = ८. उरले ४.
क(३, ४).

चिन्ह चुकतं ते −३ − २ + ८ असं एका दमात लिहिताना. आधी दोघांची बेरीज करून एकदाच वजाबाकी केली की चूक व्हायची जागा दोनवरून एकवर येते. ऋण संख्या सूत्रात घालताना कंस सोडू नये, हे मात्र कितीही वेळा सांगितलं तरी कमीच.

उत्तरपत्रिकेत वारंवार दिसणाऱ्या आणखी काही चुका सांगतो. मध्यबिंदूच्या सवयीने ३ ऐवजी २ ने भागणं. अंतराच्या सूत्राच्या सवयीने निर्देशकांची बेरीज करण्याऐवजी वजाबाकी करणं. बेरजेला ३ ने भाग जात नाही म्हणून ‘काहीतरी चुकलंय’ असं समजून दिलेला निर्देशकच बदलून टाकणं. उत्तर (८/३, ४/३) असेल तर तसंच ठेवावं. २.६ आणि १.३ लिहिलं तर तो दुसराच बिंदू झाला.

शून्य_बेरीज

याच जातीचा एक प्रश्न स्पर्धा परीक्षांत येतो. शिरोबिंदू (प, फ), (फ, म), (म, प) आणि मध्यगासंपात आरंभबिंदू. विचारतात प³ + फ³ + म³ किती? मध्यगासंपात आरंभबिंदू याचा अर्थ एवढाच की प + फ + म = ०. तीन संख्यांची बेरीज शून्य असली की त्यांच्या घनांची बेरीज ३पफम. भूमिती पहिल्या ओळीतच संपते, पुढे नववीचं बीजगणित.

चौथा_चरण

बाजूंचे मध्यबिंदू दिले असतील तर? तीन मध्यबिंदूंवरून आधी शिरोबिंदू काढायचे, सहा समीकरणं सोडवायची आणि मग सूत्र वापरायचं, असं एका मार्गदर्शकात पाहिलं.

शून्य_बेरीज

अजिबात गरज नाही. तिन्ही मध्यबिंदूंच्या क्ष ची बेरीज करून पाहा :

(क्ष१ + क्ष२)/२ + (क्ष२ + क्ष३)/२ + (क्ष३ + क्ष१)/२ = क्ष१ + क्ष२ + क्ष३

प्रत्येक शिरोबिंदू अर्धा-अर्धा असा दोनदा येतो. म्हणून मध्यबिंदूंच्या त्रिकोणाचा मध्यगासंपात आणि मूळ त्रिकोणाचा मध्यगासंपात एकच. मध्यबिंदू (३, ४), (−२, १), (५, −२) असतील तर ग = (६/३, ३/३) = (२, १). संपलं.

शिरोबिंदूच हवे असतील तर त्यालाही समीकरणं नकोत. दोन मध्यबिंदूंची बेरीज करा, तिसरा वजा करा. वजा केलेला मध्यबिंदू ज्या बाजूवर आहे तिच्या समोरचा शिरोबिंदू मिळतो. इथे (३ − २ − ५, ४ + १ + २) = (−४, ७), तसेच (१०, १) आणि (०, −५). तिघांची सरासरी पुन्हा (२, १).

एकरेषीय

एक सावधगिरी. तीन बिंदू एका रेषेत असले तरी सूत्र निमूटपणे उत्तर देतं. (१, २), (३, ६), (५, १०) घ्या, (३, ६) मिळेल. पण तिथे त्रिकोणच नाही. हे तपासायला एक मिनिट लागतं : कोणत्याही दोन जोड्यांचा चढ काढा, सारखा आला तर बिंदू एकरेषीय. निर्देशकांत अज्ञात संख्या असेल तेव्हा हे हटकून तपासावं, कारण अज्ञाताच्या एखाद्या किमतीला त्रिकोण सपाट होतो आणि ती किंमत उत्तरातून वगळावी लागते.

आलेख_कागद

वर आलेखाचा विषय निघाला म्हणून. दोन्ही अक्षांवर प्रमाण वेगळं घेतलं, समजा क्ष-अक्षावर १ सेंमी = १ एकक आणि य-अक्षावर १ सेंमी = २ एकक, तर त्रिकोणाचा आकार बदलतो. काटकोन काटकोन दिसत नाही, समद्विभुज समद्विभुज दिसत नाही. तरीही मध्यगा काढल्या तर त्या योग्य ठिकाणीच मिळतात, कारण मध्यबिंदू आणि २:१ हे प्रमाण एका दिशेने ताणल्याने बिघडत नाही. लंबसंपात (शिरोलंबांचा छेदबिंदू), परिकेंद्र (तिन्ही शिरोबिंदूंपासून समान अंतरावरचा बिंदू), अंतर्केंद्र (कोनदुभाजकांचा छेदबिंदू) यांचं तसं नाही. त्यांना कोन आणि अंतरं खरी लागतात. अशा कागदावर गुण्याने लंब काढून लंबसंपात शोधला तर तो चुकणारच. म्हणून रचना करून पडताळायची असेल तर दोन्ही अक्षांवर प्रमाण एकच ठेवा.

चौथा_चरण

लंबसंपात आणि परिकेंद्र यांचा मध्यगासंपाताशी संबंध आहे ना? अकरावी-बारावीत आणि एमएचटी-सीईटीच्या तयारीत येतो तो.

ओळंबा

हो. तिन्ही एका रेषेत असतात, अठराव्या शतकात गणितज्ञ ऑयलरने हे दाखवलं आणि त्या रेषेला त्याचंच नाव आहे. लंबसंपातापासून परिकेंद्राकडे जाताना मध्यगासंपात २:१ मध्ये विभागतो. हिशोबात याचा मोठा उपयोग होतो :

लंबसंपात = शिरोबिंदूंची बेरीज − २ × परिकेंद्र

(०, ०), (६, ०), (२, ४) घ्या. परिकेंद्र पहिल्या दोघांपासून समान अंतरावर, म्हणून क्ष = ३. (३, य) पासून (०, ०) आणि (२, ४) ही अंतरं समान मांडा : ९ + य² = १ + (य − ४)², त्यातून ८य = ८, य = १. परिकेंद्र (३, १). शिरोबिंदूंची बेरीज (८, ४). लंबसंपात = (८ − ६, ४ − २) = (२, २). पडताळा : (२, ४) मधून जाणारा शिरोलंब क्ष = २, आणि (०, ०) मधून जाणारा य = क्ष, कारण समोरच्या बाजूचा चढ −१. छेद (२, २). बरोबर. मध्यगासंपात (८/३, ४/३) या दोघांच्या मधे.

समभुज त्रिकोणात तिन्ही बिंदू एकच होतात, तिथे रेषा उरत नाही.

पुठ्ठा_आणि_टाचणी

वर्गात करून दाखवायचं असेल तर पुठ्ठ्याचा प्रयोग नक्की करा. आलेख कागदावर सेंमीत (२, १), (१७, ३), (५, १४) मांडा. ग = (२४/३, १८/३) = (८, ६). मुलांना हा बिंदू आधी काढू द्या, पण कागदावर खूण करू देऊ नका. कागद पुठ्ठ्यावर चिकटवून त्रिकोण कापा. प्रत्येक कोपऱ्याजवळ सुईने भोक पाडा, टाचणीवर टांगा, टाचणीलाच ओळंब्याचा दोरा अडकवा, दोरा स्थिर झाला की त्याच्या वाटेवर दोन ठिपके देऊन रेषा ओढा. दोन कोपऱ्यांवरून दोन रेषा, तिसरी पडताळ्याला. तिन्ही (८, ६) च्या आसपास भेटतात.

बिघडतं कुठे ते सांगतो. भोक घट्ट असेल तर पुठ्ठा अडकून तिरका थांबतो. टाचणी भोकात फिरवून थोडं सैल करा आणि टांगल्यावर हलका झोका देऊन आपोआप थांबू द्या. गोंद एका बाजूला जास्त लागला तर वजन तिकडे जातं. गोंद पातळ आणि सगळीकडे सारखा लावा, पूर्ण वाळल्यावरच टांगा. पुठ्ठा वाकलेला असेल तर दोरा पृष्ठभागाला टेकत नाही आणि खूण तिरकी होते. बाजू १२–१५ सेंमीपेक्षा लहान ठेवल्या तर हाताची चूकच मोठी दिसते. या मापाला २–३ मिलीमीटरचा फरक चालेल, त्याहून जास्त आला तर वरच्या कारणांपैकी एक शोधा.

टांगल्यावर दोरा कोपऱ्यातून समोरच्या बाजूच्या मध्यावर जातो हे मुलांना मुद्दाम मोजायला लावा. ती रेषा म्हणजे मध्यगा, हे त्यांना स्वतःला सापडू द्यावं.

चौथा_चरण

पण ओळंबा यांनी नाणी शिरोबिंदूंवर ठेवली होती. इथे तर अख्खा पुठ्ठा आहे. दोन्हींचा तोलबिंदू एकच कसा?

ओळंबा

फार महत्त्वाचा प्रश्न. पुठ्ठ्याच्या बक ला समांतर बारीक पट्ट्या कल्पा. प्रत्येक पट्टी आपल्या मध्यावर तोलते आणि हे सगळे मध्य अड या मध्यगेवर येतात. म्हणून अख्खा पुठ्ठा अड वर तोलतो. तसाच इतर दोन मध्यगांवरही. म्हणून त्यांच्या छेदावर. त्रिकोणाचा गुरुत्वमध्य मध्यगांच्या छेदावर असतो हे आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातच सिद्ध केलं होतं.

पण हे जुळणं त्रिकोणाचं भाग्य आहे, सगळ्या आकृत्यांचं नाही. त्रिकोणाच्याही बाबतीत, तार वाकवून नुसत्या बाजूंचा त्रिकोण केला तर तोलबिंदू हलतो. (०, ०), (४, ०), (०, ३) घ्या, बाजू ४, ३, ५. पुठ्ठ्याचा गुरुत्वमध्य (४/३, १). तारेसाठी प्रत्येक बाजूचं वजन तिच्या लांबीइतकं धरून तिच्या मध्यबिंदूवर ठेवा :

क्ष = (४ × २ + ३ × ० + ५ × २)/१२ = १८/१२ = १.५
य = (४ × ० + ३ × १.५ + ५ × १.५)/१२ = १२/१२ = १

तारेचा तोलबिंदू (१.५, १). समभुज त्रिकोण सोडला तर हे दोन बिंदू वेगळेच असतात.

शून्य_बेरीज

त्याच त्रिकोणाचं अंतर्केंद्र (१, १) आहे. म्हणजे अंतर्केंद्र १ वर, मध्यगासंपात ४/३ वर, तारेचा तोलबिंदू ३/२ वर, सगळे य = १ या एकाच रेषेत. अंतरं १/३ आणि १/६, पुन्हा २:१. हे या एका त्रिकोणापुरतं नाही, कोणत्याही त्रिकोणात असंच होतं. पाहून आनंद वाटतो.

जमीन_मोजणी

चौकोनाचा मुद्दा कुणीतरी मांडायला हवा, कारण प्रत्यक्ष कामात सगळ्यात मोठी चूक तिथे होते. चार कोपऱ्यांची सरासरी घेऊन ‘हा प्लॉटचा मध्य’ म्हणतात. समांतरभुज चौकोन असेल तर ठीक, एरवी नाही.

समलंब चौकोन (०, ०), (१२, ०), (६, ६), (०, ६). कोपऱ्यांची सरासरी (४.५, ३). खरा मध्य काढायला कर्णाने दोन त्रिकोण करा. (०, ०), (१२, ०), (६, ६) : क्षेत्रफळ ३६, मध्यगासंपात (६, २). (०, ०), (६, ६), (०, ६) : क्षेत्रफळ १८, मध्यगासंपात (२, ४). क्षेत्रफळांचं वजन देऊन सरासरी :

क्ष = (३६ × ६ + १८ × २)/५४ = २५२/५४ ≈ ४.६७
य = (३६ × २ + १८ × ४)/५४ = १४४/५४ ≈ २.६७

एकक मीटर असेल तर एवढ्याशा प्लॉटमध्ये सुमारे ३७ सेंमीचा फरक पडला. कितीही बाजूंच्या आकृतीला हीच पद्धत : त्रिकोणांत तोडा, प्रत्येकाचा मध्यगासंपात काढा, क्षेत्रफळाचं वजन द्या. एल आकाराच्या तुकड्याचा मध्य तुकड्याबाहेरही पडू शकतो. त्रिकोणाच्या बाबतीत तसं कधीच होत नाही.

संगणकावर करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. पहिली : नकाशाच्या फाइलीत सीमारेषा बंद करायला पहिला बिंदू शेवटी पुन्हा लिहिलेला असतो. म्हणजे त्रिकोणाच्या चार ओळी दिसतात. एक्सेलमध्ये चारही ओळींची सरासरी घेतली की उत्तर चुकलं. (०, ०), (९, ०), (०, ६) चा मध्यगासंपात (३, २), पण शेवटची (०, ०) धरली तर (२.२५, १.५) येतो. उत्तर पहिल्या बिंदूकडे सरकलेलं दिसलं की हेच कारण बघा.

दुसरी : यूटीएम (पृथ्वीचे सहा-सहा अंश रेखांशाचे पट्टे करून जागा मीटरमध्ये सांगणारी पद्धत) निर्देशक मोठे असतात. महाराष्ट्राचा बहुतेक भाग ४३ उत्तर पट्ट्यात येतो, ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेचा विदर्भ ४४ मध्ये. पूर्वेकडचा आकडा सहा अंकी, उत्तरेकडचा सात अंकी. क्षेत्रफळासाठी यांचे गुणाकार बारा-तेरा अंकी होतात आणि दहा अंकी कॅल्क्युलेटर शेवटचे अंक सोडून देतो, नेमके ज्यांच्यात आपलं क्षेत्रफळ असतं तेच. आधी एका कोपऱ्याचे निर्देशक सगळ्यांतून वजा करा, लहान आकड्यांत हिशोब करा आणि उत्तरात ते परत मिळवा. आरंभबिंदू हलवला तर मध्यगासंपातही तेवढाच हलतो, त्रिकोणातली त्याची जागा तीच राहते.

चौथा_चरण

त्रिमितीत चतुष्फलक (चार त्रिकोणी पृष्ठांची घनाकृती) असेल तर ४ ने भागायचं आणि शिरोबिंदूकडून प्रमाण ३:१, बरोबर?

ओळंबा

बरोबर. समोरच्या त्रिकोणाच्या मध्यगासंपातात तीन नाणी, शिरोबिंदूवर एक.

शून्य_बेरीज

कोरी_वही, मुलांपैकी कुणाला पुढचं झेपत असेल तर बिंदुपथाचं एक उदाहरण द्या. अ(१, ४) आणि ब(५, ०) स्थिर आहेत. क हा य = ३क्ष + ५ या रेषेवर फिरतो. ग कुठल्या रेषेवर फिरेल?

कोरी_वही

करून पाहिलं. ग(च, छ) धरला. क = (३च − ६, ३छ − ४). रेषेत घातलं :
३छ − ४ = ३(३च − ६) + ५
३छ = ९च − ९
छ = ३च − ३
म्हणून य = ३क्ष − ३. मूळ रेषेला समांतर आहे.

शून्य_बेरीज

अगदी बरोबर. समांतर का, तेही पाहा. अब चा मध्यबिंदू (३, २) स्थिर आहे आणि ग नेहमी तिथून क कडे एक तृतीयांश अंतरावर. म्हणजे क ची वाट (३, २) कडे आक्रसून एक तृतीयांश केली की ग ची वाट मिळते. क्ष = ३ वर क ची रेषा १४ उंचीवर, मध्यबिंदूच्या १२ वर. त्याचा तिसरा हिस्सा ४, म्हणून ग ची रेषा ६ वर. तुमच्या उत्तरात क्ष = ३ घाला, ६ येतो. क वर्तुळावर फिरत असता तर ग एक तृतीयांश त्रिज्येच्या वर्तुळावर फिरला असता.

फक्त एक बिंदू वगळायचा राहिला आहे.

एकरेषीय

अब रेषा क्ष + य = ५. क ची रेषा तिला (०, ५) मध्ये छेदते. क तिथे असताना त्रिकोण नाही. त्या वेळी ग = (६/३, ९/३) = (२, ३). उत्तर असं लिहा : य = ३क्ष − ३, (२, ३) हा बिंदू सोडून.